स्विंडनचे पणजोबा: जनगणना की रेल्वेच्या नोंदी?
पणजोबा इंग्लंडमधल्या स्विंडन शहराच्या रेल्वे कारखान्यात होते, एवढंच ठाऊक असलेला मित्र विचारतोय, आधी काय चाळू?

जनगणनेत दर दहा वर्षांनी अख्खं घर सापडतं. कारखाना 1843 साली सुरू झाला, त्यामुळे 1841ची यादी इथे फारशी कामाची नाही. 1851पासून मात्र जन्मगावही मिळतं, म्हणजे माणूस कुठून आला ते कळतं. 1931ची यादी आगीत गेली.

हा कारखाना चालवणाऱ्या ग्रेट वेस्टर्न रेल्वे कंपनीच्या नोकरनोंदी लंडनला क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. भरती, पगार, बदली, कधी दंडही! बायकामुलं मात्र नाहीत, आणि सगळ्या वह्या टिकलेल्या नाहीत.

खर्च? दोन्ही ऑनलाइन पाहायला बहुधा संकेतस्थळाची वर्गणी. 1881ची जनगणना फुकट.

कुटुंब जोडायचं तर जनगणना, नोकरीचा प्रवास हवा तर नोंदी. आडनाव स्मिथसारखं सर्रास असेल तर आधी जनगणनेतून अंदाजे जन्मसाल काढा.