पुतळा हलवावा की शेजारी पाटी लावावी?

मैत्रिणीच्या गावी वाचनालयाच्या दारात इंग्रज कलेक्टरची स्तुती कोरलेला दगड आहे. काढावा की ठेवावा, यावरून दोन तट पडलेत. तिने मत विचारलं आणि मला दोन जागा आठवल्या.

मुंबईतला काळा घोडा 1965 मध्ये त्याच्यावरच्या स्वारासकट, म्हणजे इंग्लंडचा राजा सातव्या एडवर्डसकट, राणीच्या बागेत गेला. दिल्लीच्या रिज नावाच्या टेकडीवरचं 1857 च्या उठावाचं इंग्रजांनी बांधलेलं स्मारक मात्र जागेवरच राहिलं. 1972 मध्ये त्याचं नाव अजितगढ झालं आणि नवी पाटी लागली: मूळ लेखातले 'शत्रू' म्हणजे परकीय सत्तेविरुद्ध उठून शौर्याने लढलेले लोक.

खर्चात पाटी केव्हाही स्वस्त. हलवायचं तर क्रेन, नवा चौथरा, पुढची देखभाल आली.

अर्थ पोचवण्यातही मला पाटीच सरस वाटते. आधी दगडावरचा 'शत्रू' वाचायचा आणि मग पाटी. अंगावर काटा येतो. उलट काळा घोडा चौकातून गेला, चौकाचं नाव तेवढं राहिलं, आणि 2017 मध्ये तिथे नवा घोडा आला, बिनस्वाराचा.

पण रोजच्या सलाचं काय? पाटी जवळ गेल्यावरच दिसते, उंच पुतळा लांबूनच. ज्यांच्या पूर्वजांनी सोसलं, त्यांना रोज मान वर करून त्याच्याकडे बघायला लावणं मला मुळीच पटत नाही.

तेव्हा चौकात मिरवणारा पुतळा असेल तर संग्रहालयात न्यावा. नुसता कोरीव लेख असेल तर पाटी लावावी. मैत्रिणीला हेच कळवलंय: दगड राहू दे, शेजारी पाटी लावा, मराठीत, डोळ्यांच्या उंचीवर.