डीपीचा एकत्रित पर्यावरण अभ्यास करून देणारी सर्व्हिस: आमचा अनुभव, पाचपैकी चार स्टार

आमच्या खाडीकाठच्या शहराचा प्रारूप विकास आराखडा (डीपी, म्हणजे कुठल्या जागेवर काय होणार ते ठरवणारा नकाशा) प्रसिद्ध झाला तेव्हा बाजारपेठेतल्या आणि वाड्यांमधल्या लोकांनी वर्गणी काढून एका पर्यावरण सल्लागार टीमकडून त्याचा अभ्यास करून घेतला. टीमचं नाव देत नाही कारण उणं पण लिहायचंय, पण अशी सर्व्हिस घेताना काय मागून घ्यायचं ते कोकणातल्या बाकी शहरांना कळावं म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

मुळात एमआरटीपी 1966 म्हणजे महाराष्ट्राच्या नगररचना कायद्याखाली डीपी बनतो, त्याला ईआयए म्हणजे पर्यावरणावर काय परिणाम होईल याचा अभ्यास लागतच नाही. 2006 ची ईआयए अधिसूचना प्रकल्पांसाठी आहे, आणि बांधकाम असेल तर 20,000 चौरस मीटर बिल्टअपपासून पुढे. म्हणजे एकाच वहाळाच्या (ओढ्याच्या) काठाने 18-18 हजारांच्या दहा वेगवेगळ्या स्कीम आल्या तरी एकीलाही पर्यावरण मंजुरी लागत नाही. त्या अधिसूचनेच्या फॉर्म 1 मध्ये आजूबाजूच्या कामांसोबत मिळून काय परिणाम होईल हा प्रश्न आहे खरा, पण तो भरायचा एकेका प्रकल्पाने. युरोपात 2001 च्या निर्देशापासून अशा आराखड्यांचाच अभ्यास मंजुरीआधी करावा लागतो, आपल्याकडे कायद्याने तशी सक्ती नाही, म्हणून ही अशी सर्व्हिस पदरचे पैसे घालून घ्यावी लागते.

आता काम कसं केलं ते. पहिली गोष्ट मला फार आवडली, त्यांनी नगरपरिषदेची हद्द धरलीच नाही, वहाळाचं पाणलोट धरलं. वर सड्यापासून (डोंगरमाथ्यावरच्या कातळपठारापासून) खाली खाजणापर्यंत (खाडीकाठच्या खारट जमिनीपर्यंत). सध्याच्या भूवापराचा नकाशा म्हणजे ईएलयू खाली आणि प्रस्तावित नकाशा वर असं ठेवून, एकेका वहाळात काय काय पडतंय ते एकत्र मोजलं: शेती झोनचा पिवळा म्हणजे राहण्याचा झोन झाला तो भाग, भराव घालून जाणारा डीपी रोड, पार्किंगचं आरक्षण, शिवाय हद्दीबाहेर सड्यावर पडलेले प्लॉट, चिरेखाणी आणि हायवेचा भराव. नगरपरिषदेच्या नकाशात यातल्या निम्म्या गोष्टी दिसतच नाहीत कारण हद्द संपली की नकाशा पांढरा, पण पाणी तर तिथूनच येतं ना.

मग त्यांनी जो हिशोब मांडला तो आमच्या मीटिंगमध्ये सगळ्यांना समजला, अगदी ज्यांनी कधी नकाशा वाचला नव्हता त्यांनाही. एका हेक्टरवर 100 मिलिमीटर पाऊस म्हणजे 10 लाख लिटर पाणी, आणि असा पाऊस आपल्याकडे जुलैत एका दिवसात सहज पडतो. बांध शाबूत असलेल्या भातखाचरात 15 सेंटिमीटर पाणी उभं राहिलं तर हेक्टरी 15 लाख लिटर थांबतं. तिथे भराव घालून काँक्रीट केलं की हे थांबणारं पाणी सरळ वहाळात, आणि वहाळाची रुंदी नकाशात आहे तेवढीच. एक खाचर गेलं तर काही कळत नाही, एकाच वहाळावरची सगळी गेली की खालच्या बाजारपेठेत पाणी. त्यातही त्यांनी उधाणाची भरती धरली हे विशेष, कारण अमावास्या-पौर्णिमेच्या भरतीला खाडीचं पाणी वर आलेलं असतं आणि तेव्हाच वरून पाऊस आला की वहाळाला उतरायला जागाच नसते. चिपळूणने 26 जुलै 2005 ला आणि 22 जुलै 2021 ला काय भोगलं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय, त्यामुळे हे पान वाचताना खोलीत कोणी बोलत नव्हतं.

पूररेषेचंही नीट समजावलं. निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या. पण वरचा भूवापर बदलला की तोच पाऊस जास्त पूर आणतो, म्हणजे आज आखलेली निळी रेषा डीपी पूर्ण झाल्यावर तिथे राहणार नाही. हा मुद्दा हरकतीत पहिला घातला.

आता एक स्टार का कापला. सांडपाण्याचं प्रकरण फारच वरवर. माणशी 135 लिटर पाणी, त्यातलं 80 टक्के सांडपाणी, म्हणजे 10,000 माणसं वाढली की रोज साधारण 10 लाख 80 हजार लिटर, इथवर लिहिलं आणि थांबले. पण आमच्याकडे जांभा (सच्छिद्र तांबडा दगड) आहे, सेप्टिक टँकचं पाणी त्यातून झिरपून शेजारच्या विहिरीत उतरतं, आणि एप्रिल-मेमध्ये निम्मं गाव त्याच विहिरींवर असतं. विहिरींचा सर्व्हे हवा होता, तो नाही केला. आणि दुसरं, जास्त महत्त्वाचं: त्यांनी 20 वर्षांनंतरचं पूर्ण चित्र मोजलं, मधला क्रम नाही. प्रत्यक्षात रस्त्याचे भराव आणि बिल्डिंगा आधी होतात, वहाळ रुंदीकरण आणि एसटीपीची (सांडपाणी शुद्ध करायच्या केंद्राची) जागा शेवटी ताब्यात येते, कधी येतच नाही. धोका त्या मधल्या वर्षांतच सगळ्यात जास्त. मी विचारलं तर मान्य केलं, पण रिपोर्टात दोनच ओळी वाढवल्या.

बाकी वागणूक चांगली. रिपोर्ट इंग्रजीत होता पण मराठी सारांश मागितल्यावर दिला, सुनावणीला त्यांच्या मॅडम स्वतः आल्या आणि नियोजन समितीपुढे मराठीतच बोलल्या, कुठल्या वहाळावरचा कुठला सर्व्हे नंबर ते बोट ठेवून दाखवलं. नुसतं 'पर्यावरणाची हानी होईल' असं लिहिलेली हरकत बाजूला पडते हो, सर्व्हे नंबर आणि लिटरचा आकडा असलेल्या हरकतीवर समितीला बोलावं लागलं.

ज्यांच्या शहराचा डीपी यायचाय त्यांनी एक करा. हरकतीला 30 दिवस मिळतात आणि एवढा अभ्यास त्यात होत नाही, आमची तर शेवटी झोप उडाली होती. ईएलयू नकाशा आधी तयार होतो, तेव्हाच टीम ठरवा, वहाळ आणि विहिरी पावसाळ्यात एकदा आणि मेमध्ये एकदा बघून घ्या, आणि करारात लिहून घ्या की पाणलोट धरून मोजणार, भरती धरणार, आणि पाच-पाच वर्षांच्या टप्प्याने दाखवणार.