बावीसशे रुपयांचे रंगवलेले बॉल

मी मूळचा नाशिकचा. नाशकात 'गोल्फ क्लब' म्हणजे सकाळी फिरायला जायचं मैदान, गोल्फ तिथं कुणी खेळत नाही. खरी काठी हातात आली ती पुण्यात, पन्नाशी उलटल्यावर, ऑफिसातल्या मंडळींच्या नादानं. हे आधी सांगतो, कारण फसवणाऱ्याला हवं असलेलं गिऱ्हाईक नेमकं हेच: खेळ नवा, हौस दांडगी आणि दर फेरीला पाच-सहा बॉल झुडपात घालवणारा.

टायटलिस्ट कंपनीचा प्रो व्ही वन हा नावाजलेला गोल्फ बॉल घ्यायचा तर डझनाला साडेचार-पाच हजार मोजावे लागतात. म्हणजे एक बॉल हरवला की चारशे रुपये गेले. अशात मोबाइलवर जाहिरात दिसली. तोच बॉल, 'एक्स्पोर्ट सरप्लस', सीलबंद डझन बावीसशेला, पैसे पार्सल आल्यावर. या शेवटच्या अटीवरच मी भाळलो. माल हातात आल्यावर पैसे द्यायचे, मग धोका कसला? प्रत्यक्षात कुरियरवाला आधी पैसे घेतो, मग खोका सोडतो. मी सेलोटेप सोलेपर्यंत तो गल्लीच्या तोंडाशी पोचला होता.

खोका झकास होता. आत तीन-तीन बॉलची चार पाकिटं. एका पाकिटात दोन बॉलवर 2 आकडा आणि तिसऱ्यावर 4 होता. नव्या डझनात सहसा एका पाकिटातल्या तिन्ही बॉलवर एकच आकडा असतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. उलट विविधता बघून बरंच वाटलं!

रविवारी खेळायला नेले. माझा ड्रायव्हरचा, म्हणजे लांब मारायच्या काठीचा, फटका एरवी दोनशे यार्डांपर्यंत जातो. त्या दिवशी बॉल वर चढायचा आणि दीडशेच्या आसपास दमल्यासारखा खाली यायचा. मी खांद्याला दोष देत राहिलो. पाचव्या होलला आमच्या कॅडीमामांनी, म्हणजे काठ्यांची बॅग सांभाळणाऱ्या मामांनी, बॉल उचलला, नखानं खरवडला आणि माझ्यापुढं धरला. नखात पांढरा पापुद्रा.

"साहेब, तळ्यातला बॉल हाय हा. रंग मारून वर नाव छापलंय."

घरी आल्यावर मुलगी आणि मी स्केचपेन घेऊन बसलो. बॉलवरच्या खळ्या, म्हणजे डिंपल, मोजायच्या तर प्रत्येकीवर ठिपका द्यावा लागतो, नाहीतर दहाव्या मिनिटाला डोळे फिरतात. 2021 पासूनच्या प्रो व्ही वनवर 388 खळ्या आहेत. आमच्या दोनदा मोजून 332 भरल्या. दुसऱ्या दिवशी ओळखीच्या सोनाराकडं गेलो. त्यानं आधी माझ्याकडं पाहिलं, मग बॉलकडं, पण काट्यावर ठेवला. नियमानं बॉल 45.93 ग्रॅमहून जड चालत नाही. माझ्या तीन बॉलपैकी एक 44.8, एक 45.3 आणि एक चक्क 46.2. रंगाचे थर चढवल्यावर दुसरं काय होणार? शेवटी एक बॉल व्हाइसमध्ये धरून हॅकसॉनं कापला. प्रो व्ही वनमध्ये गाभा, त्यावर एक थर आणि वर युरेथेनचं मऊ कवच असे तीन भाग असतात. इथं गाभा आणि जाड टणक कवच, एवढंच.

खळ्या शोभेच्या नसतात. बॉलला चिकटून वाहणारी हवा त्या घुसळतात, त्यामुळं मागची ओढ कमी होते आणि बॉल लांब जातो. गुळगुळीत बॉल जेमतेम निम्मं अंतर कापतो. त्या खळ्यांत रंग साचला की काय होतं, ते मी दीडशे यार्डांवर पाहिलं होतं.

मैदानावरच्या तळ्यात पडलेला बॉल काढून विकणं गुन्हा नाही. धुऊन, प्रतवारी लावून, 'लेक बॉल' असं सांगून विकणारे आहेत आणि त्यातला चांगल्या प्रतीचा बॉल आमच्यासारख्यांना पुरून उरतो. फक्त तो जुना रंग आणि जुने ओरखडे घेऊन यायला हवा. वापरलेला बॉल नवरीसारखा चकचकीत दिसला की हात मागे घ्यावा. आणि नवाच हवा तर साध्या कवचाचा टू-पीस, म्हणजे दोनच भागांचा, बॉल दीड-दोन हजारांत डझनभर मिळतो. युरेथेनच्या बॉलची खरी करामत ग्रीनजवळ, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवताजवळ, वेज या जवळच्या फटक्यांच्या काठीनं फिरकी देऊन तो जागच्या जागी थांबवण्यात. माझा वेज निम्म्या वेळा जमिनीलाच लागतो. मला ती फिरकी कशाला हवी होती, हा प्रश्न बायकोनं विचारला. उत्तर खोक्यावरच्या नावात होतं, ते मी दिलं नाही.

विक्रेत्याला फोन केला. "ओरिजिनल आहे सर, नवीन बॅच आहे." कापलेल्या बॉलचा फोटो पाठवला, त्यानंतर नंबर ब्लॉक. पार्सलवर पाठवणाऱ्याचं नाव वेगळंच, पत्ता म्हणजे नुसता गोदामाचा गाळा. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणं ऑनलाइन विक्री करणाऱ्यानं आपलं कायदेशीर नाव, पत्ता आणि तक्रार निवारण अधिकारी दाखवायला हवा. मी हे ऑर्डर दिल्यावर वाचलं. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, सायबर गुन्ह्यांच्या 1930 वरही सांगितलं. खोका उघडतानाचा व्हिडिओ असता तर तक्रारीला वजन आलं असतं. तो नव्हता. पैसे आजतागायत आलेले नाहीत.

उरलेले बॉल टाकून द्यावेत असं वाटेना. पाण्यावरून मारायची वेळ आली की मामा न विचारता त्यातलाच एक काढून देतात. मी मात्र खेळण्याआधी प्रत्येकावर करवतीनं एक खोल चीर पाडून ठेवली आहे. पुन्हा कुणी तळ्यातून काढलाच, तर रंगानं ती बुजायची नाही.