बीटलचा डेल्को आणि जुन्या पीबी रोडवरचं स्पेअर्सचं दुकान

बेळगावात किंवा आजूबाजूला, म्हणजे निपाणी, संकेश्वर, खानापूर वगैरे, कुणाकडे बीटलसारखी एअर-कूल्ड, म्हणजे हवेवर थंड होणारी फोक्सवॅगन असेल (थोड्या आहेत पण आहेत) आणि डिस्ट्रिब्युटरचं (आपण त्यालाच डेल्को म्हणतो, प्रत्येक सिलिंडरला पाळीपाळीनं करंट वाटणारा) सामान शोधून वैताग आला असेल तर त्यांच्यासाठी हे लिहितोय. आधीच सांगतो, या दुकानात बीटलचं सामान मिळतं असं समजू नका. काउंटरवर उभं राहून "बीटलचा पॉईंट द्या" (म्हणजे डेल्कोच्या आतला, करंट तोडून ठिणगी पाडणारा स्विच) म्हटलं की काउंटरवरचे मामा नाही म्हणतात आणि परत पेपर वाचायला लागतात, विषय संपला. तिथं जायचं ते जुना डेल्को फडक्यात गुंडाळून हातात घेऊन. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवू का विचारलं तर मामा म्हणाले, "फोटोला हात लावून बघायला येतंय काय वो?"

दुकान जुन्या पीबी (पुणे-बेंगळूर) रोडवर आहे, एका टायरवाल्याला लागून, पाटीचा रंग केव्हाच उडालाय, पण त्या पट्ट्यात कुठल्याही गॅरेजवाल्याला सीबी (कॉन्टॅक्ट ब्रेकर) पॉईंटवाले मामा म्हटलं की बोट दाखवतोय. आत लाकडी ड्रॉवरची भिंत. चेतकचे पॉईंट, लॅम्ब्रेटाचे, म्हैसूरच्या जावा-येझदीचे, रॉकेलवर चालणाऱ्या शेतातल्या पंपाच्या मॅग्नेटोचे, अँबॅसिडर-फियाटच्या डेल्कोच्या कॅपा (वरची झाकणं), आणि मायकोच्या काळातले बॉक्स. मायको म्हणजे बॉशचीच बेंगळूरची कंपनी, २००८ मध्ये तिचं नाव बॉश लिमिटेड झालं, तर त्याच्या आधीचा माल मामांच्याकडं अजून पडलाय. यादी नाही, कॉम्प्युटर नाही, सगळं डोक्यात.

माझी गाडी १९६८ची, १५०० इंजिन, १२ व्होल्ट. आधीच्या मालकानं मूळचा व्हॅक्यूमवाला डिस्ट्रिब्युटर काढून बॉशचा ००९ बसवला होता (पूर्ण नंबर ० २३१ १७८ ००९, बॉडीवर कोरलेला असतो, घासून बघा). ००९ला व्हॅक्यूमची डबी नसते, आतल्या वजनांवरच अ‍ॅडव्हान्स (वेग वाढला की ठिणगी जरा आधी पाडणं) चालतो, त्यामुळं थांबलेल्या गाडीला एकदम अ‍ॅक्सिलेटर दिला की क्षणभर घुटमळते. ते एक वेळ चालतंय, त्याची सवय होते. पण माझी गाडी आयडलला लंगडायला लागली होती, कधी मिसिंग, कधी बरी, आणि जांबोटीच्या पुढं चढ लागला की इंजिन ठोकायचं. पॉईंट बदलले, आठ दिवस बरी, परत तेच.

मग एका ऑनलाईन विक्रेत्याकडून ००९ छाप नवाकोरा अख्खा डिस्ट्रिब्युटर मागवला, कॅप, रोटर (कॅपच्या आत फिरून करंट वाटणारा तुकडा), पॉईंट सकट, दिसायला एकदम झकास. बसवला तर गाडी जुन्यापेक्षा वाईट. उघडून बघितलं तर दोन वजनांपैकी एकाची स्प्रिंग ताठ आणि दुसरीची लुळी, आणि शाफ्ट नव्यातच हलतोय. परत घ्या म्हटलं तर इलेक्ट्रिकल आयटम रिटर्न होत नाही म्हणे. तो आता माझ्याकडं पेपरवेट आहे. अशा कॉप्या बाजारात भरपूर आहेत, सगळ्याच वाईट असतील असं मी म्हणत नाही, पण हातात घेऊन शाफ्ट हलवून बघता येत नसेल तर घेऊ नका.

मामांनी काय केलं ते सांगतो, कारण हे घरी कुणालाही करता येतंय. माझा जुना ००९ त्यांनी व्हाईसमध्ये अलगद धरला, कॅप काढली, रोटर उपसला, पॉईंट कॅमच्या उंचवट्यावर आणून पूर्ण उघडले आणि फिलर गेजची (गॅप मोजायच्या पात्यांची) ०.४ मिलिमीटरची पाती घातली, बरोब्बर बसली. मग पाती तशीच ठेवून अंगठ्यानं शाफ्ट एका बाजूला रेटला, तर पाती ढिली पडून डुलायला लागली. दुसऱ्या बाजूला रेटला तर पाती जाम, निघेना. "बघा की. तुमी पॉईंट किती बी बदला, गॅप कुठं ऱ्हायलाय?" बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती धातूची नळी) झिजला की शाफ्ट डुलतो, मग प्रत्येक सिलिंडरला पॉईंट वेगळ्या वेळी उघडणार, ड्वेल (पॉईंट मिटून राहतात तो कोन) ४४ ते ५० अंशात पाहिजे तिथं सुई नाचत बसणार आणि टायमिंग कितीही लावा, लागलं असं वाटणार फक्त.

पाण्यानं थंड होणाऱ्या गाडीत एवढी चूक काट्यावर दिसते तरी, बीटलला टेंपरेचरचा काटाच नाही. त्यात तिसरा सिलिंडर बिचारा आधीच तापलेला, कारण १९७०पर्यंतच्या इंजिनात ऑईल कूलर पंख्याच्या हवेच्या वाटेतच उभा असायचा आणि तिसऱ्याच्या वाटणीची हवा अडवायचा. म्हणून जुन्या बऱ्याच बॉश डिस्ट्रिब्युटरच्या कॅमवर तिसऱ्याचा स्पार्क मुद्दाम थोडा उशिरा ठेवलेला आहे. टायमिंग नेहमी एक नंबरवरच लावायचं ते त्यासाठी, तिसऱ्यावर लावलं तर बाकीचे तिघं पुढं पळणार.

तर मामांचा सल्ला असा की बॉडी टाकू नका, जर्मन माल आहे, बुश मारून घ्या. आणि इथंच बेळगावात राहायचा फायदा. उद्यमबागेत पंप, व्हॉल्व्ह आणि काय काय टर्न होतंय, तिथं एवढासा बुश म्हणजे चहा यायच्या आधीचं काम. मामांनी फोनवर कन्नडातून टर्नरशी काहीतरी बोलून घेतलं आणि मला पाठवलं. टर्नरनं शाफ्टच्या खालच्या टोकाला इंजिनात अडकणाऱ्या डॉगची पिन ठोकून काढायच्या आधी शाफ्टवर आणि डॉगवर पंचनं खूण केली, हे आवर्जून बघा, कारण डॉगचे दात मध्यावर नसतात, एका बाजूला सरकलेले असतात, डॉग शाफ्टवर उलटा बसला तर रोटर एक नंबरच्या बरोब्बर उलट दिशेला तोंड करणार आणि तुम्ही दिवसभर वायरी बदलत बसणार. गनमेटलचे दोन बुश, दाबून बसवले, रीमर फिरवला, खालीवर प्ले होता त्याला एक शिम (पातळ चकती). आठशे रुपये घेतले. घाई करत असाल तर दुसरीकडं जा, टर्नर मोठ्या ऑर्डरी सोडून आपलं काम लगेच धरणार नाही.

आता सामान. पॉईंट, कॅप, रोटर हे बॉशचे नंबर सांगितले की काम सोपं होतंय, ००९ला पॉईंट ०१ ०११, कॅप ०३ ०१०, रोटर ०४ ०३३. मामांच्याकडं बॉक्सातले पॉईंट निघाले, कॅप मात्र नव्हती, ती त्यांनी मुंबईहून मागवून दिली, त्याला वेळ लागला आणि मधे विचारलं की "येतंय की" एवढंच उत्तर. रोटर घेताना मल्टिमीटर लावून बघितला, पाच किलो-ओमच्या आसपास दाखवला, तसाच पाहिजे, एकदम ओपन दाखवला तर तो गेलेला. कॅपच्या आत मधला कार्बन बोटानं दाबून बघायचा, स्प्रिंगनं परत वर आला पाहिजे. आपल्याकडच्या पावसात जुन्या कॅपला आतून केसाएवढी काळी रेघ पडते, करंट त्या रेघेवरून पळतो, सकाळी गाडी उठत नाही आणि दुपारी ऊन पडलं की शहाणी. रेघ दिसली की कॅप फेकायची, पुसून काही होत नाही.

कंडेन्सरच्या (पॉईंटवरची ठिणगी कमी करणारी छोटी डबी) बाबतीत मात्र मामांचं आणि माझं जमलं नाही. त्यांचं म्हणणं जुना स्टॉक तो चांगला. तीस-चाळीस वर्षं ड्रॉवरमध्ये पडलेला कंडेन्सर बॉक्स फोडला म्हणून नवा होत नाही. त्यांनी दिलेला मीटरवर लीक दाखवत होता, ०.२ मायक्रोफॅरडच्या आसपास पाहिजे तिथं भलताच आकडा. बदलून दिला, तोंड वाकडं करून का होईना दिला, पण मीटर बरोबर न्या आणि काउंटरवरच बघून घ्या. पॉईंटच्या एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला टेंगूळ दिसायला लागलं तर बहुतेक कंडेन्सरच.

पॉईंट काढून इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल का टाकत नाही असं सगळेच विचारतात. चांगलं असतंय ते, गॅपची कटकटच नाही. पण शाफ्ट हलत असेल तर त्याला तरी काय करणार, आणि इंजिन बंद ठेवून चावी ऑन राहिली तर त्यातली काही मॉड्यूल जळतात. चोर्ला घाटात, कणकुंबीच्या पुढं, मोबाईलला रेंज नसताना मॉड्यूल गेलं तर तुम्ही आणि गवे. पॉईंट असले तर पॉलिश पेपरचा तुकडा मारून घरी येतोय माणूस. ज्याला टाकायचंय त्यानं टाकावं, जुना पॉईंट सेट मात्र डिकीत ठेवावा.

बसवताना रोटरखालच्या फेल्टवर ऑईलचे दोन थेंब आणि कॅमवर नखाएवढं ग्रीस, जास्त नाही, नाहीतर पॉईंटवर उडतंय. बॉडीच्या काठावर एक बारीक खाच असते, रोटर तिथं आला की एक नंबर. तिथून घड्याळाच्या दिशेनं सिलिंडरच्या वायरी १-४-३-२. टेस्ट बल्ब लावून ००९चं टायमिंग साडेसात अंश, मग स्ट्रोब लाईटवर वरच्या आरपीएमला २८ ते ३२ अंशांच्या आत राहतंय का बघायचं. माझा २९ वर थांबला, चारही सिलिंडर एका लयीत, आणि ड्वेलची सुई पहिल्यांदाच गप्प बसली. पिकअपचा तो क्षणभराचा घुटमळ अजून आहे, तो ००९चा स्वभावच आहे, मूळचा व्हॅक्यूमवाला मिळाला तर मी तो लावणार, मामांना सांगून ठेवलंय.

दुकानाला पाचपैकी चार मार्क. बिल मागितल्याशिवाय मिळत नाही आणि मागितलं की मामांचा मूड जातोय, म्हणून एक कापला. दुपारी दीड ते चार शटर खाली असतंय. पैसे रोख न्या, स्कॅनर भिंतीवर लावलाय पण तो भाच्याच्या नंबरवर आहे आणि भाचा असेल तेव्हाच चालतो.