विकतचं, क्रॅकचं की मुक्त? सोसायटीच्या जुन्या कॉम्प्युटरवरून एक तुलना

आमच्या नौपाड्यातल्या सोसायटीच्या ऑफिसात २०१६ सालचा एक कॉम्प्युटर आहे. सहाव्या पिढीचा आय-थ्री, चार जीबी रॅम आणि मॉनिटरवर कायम एक नॅपकिन टाकलेला. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १० चा नियमित सपोर्ट संपला. घरगुती ग्राहकांना नोंदणी केली की ऑक्टोबर २०२६पर्यंत सुरक्षा अपडेट मिळतात, पण पुढे काय? विंडोज ११ या मशिनवर रीतसर चढत नाही. त्याला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय मशिनमध्ये लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा.

कमिटीच्या मीटिंगमध्ये तीन मतं पडली. सेक्रेटरी म्हणाले, नवीन घेऊन टाका. दुसऱ्या एकांच्या ओळखीत स्टेशनजवळचा एक मुलगा होता, तो म्हणे पाचशे रुपयांत विंडोज, ऑफिस, फोटोशॉप, सगळं टाकून देतो. आमच्या खजिनदार काकू बँकेतून निवृत्त झालेल्या. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "तू ते लिनक्स की काय म्हणतोस, ते फुकट असतं ना रे?"

मी 'हो' म्हटलं. लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी मुक्त कार्यप्रणाली. पूर्ण उत्तर मीटिंगमध्ये बसण्यासारखं नव्हतं, ते इथे लिहितोय.

पाचशे रुपयांचं 'सगळं'

विकतचं सॉफ्टवेअर चांगलं की मुक्त, असं आपण विचारतो खरं. पण आपल्याकडच्या घरांत आणि छोट्या ऑफिसांत विकतचं रीतसर घेतलेलं असतं कितीसं? खरी लढत क्रॅक, म्हणजे लायसन्सचं कुलूप तोडून चालवलेली चोरीची प्रत, आणि मुक्त यांच्यात असते. दोन्ही फुकट, म्हणून लोकांना सारखीच वाटतात.

तो मुलगा काम सुरू करताना सर्वांत आधी काय करतो, ते एकदा शेजारी उभं राहून बघा. तो अँटीव्हायरस बंद करतो. क्रॅक चालवायचा तर ते करावंच लागतं. म्हणजे ज्या मशिनमध्ये ऐंशी सभासदांची पॅनकार्डं, नॉमिनेशनचे फॉर्म आणि शेअर सर्टिफिकेटांचे स्कॅन पडलेत, तिचा वॉचमन घरी पाठवून आपण अनोळखी माणसाला आत घेतो. पुढे तो काय करेल ते त्याचं त्याला माहीत. कायद्याचंही सांगतो. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३-ब प्रमाणे चोरीची प्रत आहे हे माहीत असून कॉम्प्युटरवर वापरली, तर किमान सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड होऊ शकतो. सोसायटीवर कोणी धाड घालेल असं मला वाटत नाही. पण ऑडिट होणाऱ्या संस्थेने हे कशाला अंगावर घ्यायचं?

मुक्त सॉफ्टवेअरचं तसं नाही. ते वापरायला, उघडून बघायला, बदलायला आणि दुसऱ्याला वाटायला परवानगी लेखी दिलेली असते. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ला मुक्त कार्यप्रणालीचा जीएनयू प्रकल्प जाहीर केला तो याच मुद्द्यावर, आणि १९९१ला लिनस टॉरव्हाल्ड्स यांचा लिनक्स कर्नल, म्हणजे कार्यप्रणालीचा गाभा, त्याला येऊन मिळाला. गंमत म्हणजे मुक्त सॉफ्टवेअर आपण सगळे वापरतोच. पॅरिसच्या इंजिनिअरिंग कॉलेजातल्या विद्यार्थ्यांनी सुरू केलेला व्हीएलसी प्लेअर कोणाच्या लॅपटॉपवर नाही? व्हीएलसी क्रॅक करून द्या, असं कोणी म्हटल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

तुमची फाईल पुढे कोणाकडे जाते?

निवड करताना लोक फीचर्सच्या याद्या ताडून बघतात. माझ्या मते एकच गोष्ट बघावी. तुम्ही केलेली फाईल पुढे कोण उघडणार?

सोसायटीचंच घ्या. मिनिट्स टाईप होतात, प्रिंट निघते, सह्या होतात. नोटीस बोर्डावर लागते. मेंटेनन्सची बिलं पीडीएफ होऊन व्हॉट्सअ‍ॅपवर जातात. उपनिबंधक कार्यालयात जातो तो कागद. यातली एकही फाईल समोरच्याला बदलायची नसते, त्यामुळे ती लिब्रेऑफिस या मुक्त ऑफिस पॅकेजमध्ये केली की एमएस ऑफिसमध्ये, हे कोणाला कळतही नाही.

तुम्ही कंपनीत असाल आणि एकच एक्सेल शीट पाच जण फिरवत असतील, तर मात्र गोष्ट वेगळी. लिब्रेऑफिसचं कॅल्क साधी शीट व्यवस्थित उघडतं, पिव्होट टेबल करतं, २०२४च्या २४.८ आवृत्तीपासून एक्सलुकअपही करतं. पण कोणीतरी दहा वर्षांपूर्वी लिहून ठेवलेले मॅक्रो, म्हणजे शीटमधले छोटे प्रोग्रॅम, असतील तर ते अर्धेच चालतात, आणि कुठले अर्धे ते आधी कळत नाही. अशा ठिकाणी विकतचं ऑफिस घ्या आणि पैसे गेले म्हणून हळहळू नका. मात्र एक लक्षात ठेवा. वर्गणीवालं ऑफिस म्हणजे भाड्याचं घर. वर्गणी थकली की फाईल दिसते, प्रिंट होते, पण तिच्यात बदल करता येत नाही.

वर्डच्या फाईलचं लोकांचं नेहमीचं गाऱ्हाणं असतं की 'सगळं हललं'. बहुतेक वेळा हलतो तो फाँट. लिब्रेऑफिसबरोबर येणारा कार्लितो हा फाँट कॅलिब्रीच्या मापाचाच आहे, आणि लिबरेशन फाँट एरियल आणि टाइम्स न्यू रोमनच्या मापाचे. त्यामुळे या फाँटांतली फाईल फारशी हलत नाही. ऑफिसचा नवा डीफॉल्ट फाँट अ‍ॅप्टोस आहे, तिथे ओळी पुढेमागे होतात. बायोडेटा पाठवायचा असेल तर पीडीएफच पाठवा, तुमच्याकडे कुठलंही ऑफिस असलं तरी. आणि लिब्रेऑफिस टाकल्यावर पहिल्याच दिवशी सेटिंगमध्ये जाऊन 'नेहमी वर्डच्या डॉक्स (.docx) प्रकारात सेव्ह कर' हे निवडून ठेवा. मी काकूंच्या मशिनवर हे विसरलो होतो. ऑडिटरचा फोन आला, "ही ओडीटी फाईल काय भानगड आहे?" खरं तर लिब्रेऑफिसचा हा ओडीटी फाईलप्रकार २००६पासून आयएसओचं मानक आहे, पण मार्चअखेरीला ऑडिटरला मानकं समजावत बसायला कोणाला वेळ आहे?

शोधताना ओपनऑफिस नावाचंही एक सापडेल. ते घेऊ नका. लिब्रेऑफिस २०१०ला त्याच्यातूनच फुटून निघालं आणि काम करणारी बहुतेक मंडळी इकडे आली. तिकडे २०१४च्या आवृत्तीला ठिगळं लावणं चालू आहे.

गुगल डॉक्सचं विचाराल तर ते फुकट आहे, मुक्त नाही. दोघातिघांनी मिळून एक यादी भरायला त्याच्याइतकं सोयीचं काही नाही. पंधरा जीबी भरले की वर्गणीची आठवण येते.

मराठी मजकूर आणि छपाई

इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण आपल्या लोकांचं खरं नुकसान इथे झालंय.

सोसायटीला पंचवीस वर्षं झाली तेव्हा एक स्मरणिका काढली होती. परवा त्यातला जुन्या सभासदांच्या आठवणींचा भाग पुन्हा छापायचा ठरला. सीडी सापडली, चाललीही. फाईल ज्या पानजुळणीच्या सॉफ्टवेअरमध्ये होती ते कधीच बंद पडलंय. कसाबसा मजकूर बाहेर काढला तर पडद्यावर रोमन अक्षरं, डॉलरची चिन्हं, उलटे प्रश्नचिन्ह. देशपांडे आजोबांनी गोखले रोडवरच्या जुन्या वाड्यांबद्दल लिहिलेली तीन पानं, आणि त्यातला एक शब्द वाचता येईना. तेव्हाच्या फाँटांत इंग्रजी अक्षरांच्या घरांत देवनागरीचे तुकडे बसवलेले असायचे आणि प्रत्येक कंपनीची घरं वेगळी. फाँट गेला की मजकूर गेला. तो फाँट चालायला मशिनला एक डोंगल, म्हणजे परवान्याची छोटी किल्ली, लावावं लागायचं, ते प्रेसवाल्याकडे होतं आणि प्रेस बंद होऊन आता तिथे मोमोचं दुकान आहे. शेवटी छापील प्रतीवरून सगळं पुन्हा टाईप केलं.

म्हणून मराठीत लिहिणाऱ्याने सॉफ्टवेअर कुठलंही घ्यावं, मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे प्रत्येक अक्षराचं घर सगळीकडे एकच असलेल्या पद्धतीत, ठेवावा. युनिकोडचे मुक्त फाँटही आता देखणे आहेत. मुंबईच्या एक टाईपने केलेले मुक्ता आणि बलू हे फाँट कोणीही उतरवून घ्यावेत, पुस्तकात वापरावेत, फ्लेक्सवर वापरावेत. इन्स्क्रिप्ट या कीबोर्ड लेआउटवर टाईप करत असाल तर विंडोज आणि लिनक्सवर कळा त्याच. ज्यांचा हात जुन्या टाईपरायटरच्या रेमिंग्टन लेआउटवर बसलाय, त्यांनी मात्र मशिन बदलण्याआधी आपला लेआउट मिळतो का ते तपासून घ्यावं. पन्नाशीनंतर बोटांना नवीन शिकवणं सोपं नाही.

फ्लेक्सचं दुकान ही दुसरी अडचण. गणपतीचा बॅनर करायला गेलात की पहिला प्रश्न येतो, "कोरलची फाईल आहे का?" या धंद्यात कोरलड्रॉचंच राज्य आहे. इंकस्केप हे त्याचं मुक्त भावंड. बॅनर, पत्रिका, लोगो यांना ते पुरून उरतं. दुकानात पीडीएफ द्या, पण देण्याआधी अक्षरं पाथमध्ये, म्हणजे नुसत्या आकृत्यांत, बदलून घ्या. दुकानदार त्याला 'कर्व्ह करून आणा' म्हणतात. नाही केलं तर त्यांच्या मशिनवर वेलांट्या उडतात आणि 'हार्दिक'चं काहीतरी भलतंच होतं.

फोटोच्या बाबतीत मी इतका उदार नाही. फोटो कापणं, उजळ करणं, पासपोर्ट साईझचे आठ एका पानावर बसवणं, एवढ्याला गिंप हे फोटोशॉपचं मुक्त भावंड भरपूर आहे. २०२५च्या मार्चमध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत ते बरंच सुधारलंय. पण वागळे इस्टेटमधल्या ऑफसेट प्रेसला सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या शाईच्या, चार रंगांचं काम रोज द्यायचं असेल, तर गिंप अजून मूळचं आरजीबीत, म्हणजे पडद्याच्या तीन रंगांतच, काम करतं. तुमची रोजीरोटी त्यावर असेल तर फोटोशॉपची वर्गणी भरा. २०१३पासून त्याच्या नव्या आवृत्त्या वर्गणीनेच मिळतात, एकदा घेतलं आणि झालं असं राहिलेलं नाही, हे हिशोबात धरा.

लिनक्स टाकायचं का?

लिब्रेऑफिस, इंकस्केप, गिंप, फायरफॉक्स हे सगळं विंडोजवरही चालतं. म्हणून आधी तिथेच वापरून बघा. महिनाभर अडलं नाही तर पुढचा विचार करा.

जुन्या मशिनला मी लिनक्सची मिंट ही आवृत्ती सुचवतो. त्याची मांडणी विंडोजसारखीच आहे, खाली डावीकडे मेनू. दोन जीबी रॅमवर चालू होतं, चार असेल तर बरं. पेनड्राइव्हवर घेऊन काही न टाकताच चालवून बघता येतं, आणि हे बघणं टाळू नका. पेनड्राइव्हवरून सुरू केल्यावर वायफाय, आवाज आणि प्रिंटर या तीन गोष्टी तपासा. मी वायफाय तपासलं, यूट्यूब लावून आवाज तपासला, आणि प्रिंटर राहिला. आमच्याकडचा लेझर प्रिंटर म्हणजे झेरॉक्सवाल्यापासून सीएपर्यंत सगळीकडे दिसतो तो छोटा पांढरा डबा. त्याचा लिनक्सचा ड्रायव्हर लावता लावता माझे दोन रविवार गेले आणि त्या पंधरवड्यात नोटिसा शेजारच्या सोसायटीतून छापून आणाव्या लागल्या.

टॅली हे हिशोबाचं सॉफ्टवेअर विंडोजसाठीच बनतं. सही करायचं डिजिटल टोकन वापरत असाल तर तेही आधी लावून बघा. आर्किटेक्चरची मुलं ऑटोकॅडशिवाय चालू शकत नाहीत, त्यांनी विद्यार्थ्यांसाठीची फुकट आवृत्ती घ्यावी. कॉम्प्युटर इंजिनिअरिंगची मुलं उलट लिनक्सवरच सुखात असतात. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिब्रेऑफिसचे धडे मराठीतूनही आहेत, ते ज्येष्ठांना दाखवायला फार बरे पडतात.

एक मात्र मान्य करतो. विंडोज अडलं तर ठाण्यात दर दोनशे पावलांवर माणूस मिळतो. लिनक्स अडलं तर तुमचा तो एकच भाचा, आणि तो हिंजवडीला. घरात किंवा सोसायटीत हे आवडणारं निदान एक माणूस नसेल, तर पैसे वाचले तरी मनस्ताप परवडणार नाही.

आमच्याकडे शेवटी असं झालं. जुन्या मशिनमध्ये रॅम आठ जीबी केली, हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवला. वेग वाढला त्याचं निम्मं श्रेय या एसएसडीचंच, मिंटने उगाच कॉलर ताठ करू नये. मिनिट्स, बिलं, सभासदांची यादी, सगळं लिब्रेऑफिसमध्ये चाललंय. सेक्रेटरींना अजून शंका आहे की हे 'खरं वर्ड' नाही, पण ते प्रिंट काढतात. टॅली अकाउंटंटच्या लॅपटॉपवर आहे, विंडोजवर, रीतसर लायसन्स घेतलेलं. त्या लॅपटॉपला मी हात लावायचा नाही, असं काकूंनी मला दोनदा बजावलंय.