शाळेतलं लेक्चर की घरातली बोलणी?

बेळगावकडच्या खानापूरच्या वैनीनं विचारलं, "पोरगा नववीत आहे. गुप्तरोगांचं शाळेत डॉक्टर येऊन सांगणार म्हणे. तेवढं पुरे, की आपणही बोलायचं?"

खर्च दोन्हीकडं शून्य, तो सोडाच.

माहितीच्या खरेपणात शाळा पुढं. सिफिलिस, गोनोरिया वेळेत औषध घेतलं तर बरे होतात. एचआयव्ही गोळ्यांनी आटोक्यात राहतो, पण जात नाही. कंडोमनं धोका बराच कमी होतो, एचपीव्ही या विषाणूची (यानं गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर होऊ शकतो) लस वयाच्या 9 व्या वर्षापासून देता येते. डॉक्टर हे न अडखळता सांगतात. आपण "घाणेरडे रोग" म्हणून मोकळे होतो. काहीच लक्षण नसताना लागण असू शकते, हे किती आईबापांना ठाऊक आहे?

भाषेचं मात्र आपल्याकडं वेगळंच. आमच्या मराठी शाळेत तासभर कन्नडमधून सांगितलं, पोरं नुसत्या माना डोलवत होती. "काही प्रश्न?" म्हटल्यावर फक्त पंख्याचा आवाज. रात्री भाकरी मोडता मोडता, माझ्याकडं न बघता, भाच्यानं विचारलं, "मामा, डास चावून एड्स होतो काय?" नाही होत. एका ताटात जेवूनही नाही. असले प्रश्न घरातच निघतात.

आईबापाची जीभ अडत असेल तर शाळेचं लेक्चर चुकवू नका. पोरगा मोकळा असेल तर घरच बरं. आई नको तर मामा, आत्या. आणि ज्याला घरचं कुणीच नको, त्याला 1097 हा एचआयव्ही-एड्सच्या सरकारी हेल्पलाइनचा फुकटचा नंबर द्या.