हिवाळ्यातली सायकल : हातमोजे कुठले, टोपी कुठली?

नाशिकमध्ये मखमलाबादहून सातपूर एमआयडीसीत पहिल्या पाळीला जायचं, तर डिसेंबर-जानेवारीत सव्वासहाला सायकल बाहेर काढावी लागते. अजून अंधार असतो, द्राक्षमळ्यांवर धुकं बसलेलं असतं आणि गोदावरीच्या पुलावर चढलं की हँडल धरलेल्या बोटांना वारा अक्षरशः चावतो. निफाडचा पारा ५ अंशांखाली गेल्याची बातमी पेपरात आली, की आमच्या खात्यात कुणीतरी हमखास विचारतं, "सायकलवर येता ना तुम्ही, मोजे कुठले घेऊ? टोपी कुठली घालता?" एवढ्या वर्षांत स्वस्तातले बहुतेक प्रकार वापरून झालेत. दोनदा पैसे वायाही गेले. म्हणून सगळं एकदा सविस्तर लिहून ठेवतो.

घाईत असाल तर एवढंच वाचा. हातांसाठी वारा अडवणारं काहीतरी घ्या, डोक्यासाठी पातळ पण कान पूर्ण झाकणारं घ्या. हाताला जाड लागलं म्हणून वस्तू उचलू नका. माझे पैसे दोन्ही वेळा जाडीला भुलूनच गेले.

जाडीपेक्षा वारा का महत्त्वाचा, ते आधी सांगतो. बसथांब्यावर उभं असताना ८ अंशांची थंडी सोसवते, कारण अंगाभोवतीचा गरम हवेचा पातळ थर जागच्या जागी राहतो. सायकलवर तो थर टिकतच नाही. वाऱ्यामुळे थंडी किती जास्त जाणवते, याचं एक सूत्र कॅनडा आणि अमेरिकेच्या हवामान खात्यांनी २००१ साली स्वीकारलं. त्यात आकडे घातले, तर ८ अंश तापमान आणि ताशी २० किलोमीटर वारा असताना उघड्या कातडीला ५ अंशांसारखं वाटतं. उतारावर वेग ४० झाला की ते ३ वर येतं. सायकलवर या वाऱ्याच्या सर्वांत पुढे असतात हाताची बोटं. त्यातच थंडी वाजू लागली की शरीर छाती-पोट गरम ठेवण्यासाठी हातापायांच्या रक्तवाहिन्या आकसून घेतं. त्यामुळे अंगात नुसता शर्ट असेल, तर हजार रुपयांचे मोजे घालूनही बोटं गारच राहतील. आधी छातीवर वारा अडवणारं जर्किन हवं, मोज्यांचा विचार त्यानंतर.

हात

पहिला नंबर सगळ्यांच्या ओळखीच्या विणलेल्या मोज्यांचा. तिबेटी स्वेटरवाल्यांकडे किंवा रस्त्यावरच्या हातगाडीवर ते १००-१५० रुपयांत मिळतात. लोकरीचे म्हणून विकले जातात, पण बहुतेक ॲक्रिलिकचे असतात. पायी फिरायला ते उत्तम. सायकलवर मात्र वीणीच्या प्रत्येक भोकातून वारा आत येतो आणि धुक्यात ते दमट होतात. त्याहून मोठी अडचण म्हणजे ब्रेकच्या लिव्हरवरून बोट सटकतं. नुसते हे मोजे घालून सायकल चालवू नका, असंच मी सांगेन. घरात असतील तर टाकूनही देऊ नका, त्यांचा उपयोग पुढे येतोच.

दुसरा प्रकार कारखान्यातला. तळहाताला आणि बोटांना रबर किंवा नायट्राइलचा थर दिलेले हे मोजे सेफ्टीच्या दुकानात ५०-८० रुपयांना मिळतात. पकड अशी, की ओल्या हँडलवरूनही हात हलत नाही. पण मागची बाजू साध्या विणीची असते आणि सायकलवर वारा नेमका तिथेच बसतो. १२-१३ अंशांपर्यंत, वीस मिनिटांच्या रस्त्याला ते पुरतात. त्याखाली नाही.

याच मोज्यांचा एक मोठा भाऊ आहे आणि माझी सर्वांत आवडती खरेदी तीच. आपल्या नाशिक जिल्ह्यात द्राक्षांचे पॅकहाउस भरपूर आहेत. निर्यातीचा माल तिथे शून्य अंशाच्या आसपास गार करून ठेवतात. त्या कोल्ड स्टोरेजमध्ये पेट्या हलवणाऱ्या माणसांसाठी आतून मऊ टॉवेलसारखं अस्तर आणि बाहेरून रबराचा थर असलेले मोजे येतात. सातपूर-अंबडच्या सेफ्टीच्या दुकानांत ते विचारावे लागतात, समोर टांगलेले नसतात. मी शेवटची जोडी दीडशेला घेतली. घेताना एक गोष्ट नक्की बघा. रबराचा थर बोटांच्या मागून निदान मधल्या पेरापर्यंत आलेला हवा. काहींत पूर्ण पंजा बुडवलेला असतो, ते आणखी चांगले. दिसायला ओबडधोबड आहेत, घामही येतो, पण ७-८ अंशांत अर्धा तास बोटं शाबूत राहतात. दीडशे रुपयांत याहून चांगलं मला काही सापडलेलं नाही.

मोटरसायकलवाल्यांचे रेक्झिनचे किंवा चामड्याचे मोजे ३०० ते ६०० रुपयांत येतात. वारा ते छान अडवतात. फक्त मागच्या बाजूला जाळी असलेले उन्हाळी मोजे चुकून घेऊ नका, दुकानात दोन्ही शेजारीशेजारीच टांगलेले असतात. अडचण ताठरपणाची आहे. मोटरसायकलची लिव्हर लांब आणि जाड असते, तिथे ते चालून जातात. सायकलच्या छोट्या लिव्हरवर दोन बोटांनी हलका ब्रेक लावायचा, तर बोट वाकायला जोर लागतो. रोज गिअर बदलत जाणाऱ्याला हे खटकेल. साधी काळी सायकल असेल तर फारसं अडत नाही.

खास सायकलिंगचे थंडीचे मोजे म्हणजे मागे वारा अडवणारं कापड, तळव्याला जेलची गादी आणि अंगठ्याला मोबाइलचा पडदा चालावा म्हणून वेगळं टोक. यांची सुरुवात साधारण ७०० पासून होते आणि वरच्या किमतीला अंत नाही. बोटांची हालचाल आणि ब्रेकची जाणीव यांच्याइतकी दुसऱ्या कशात नाही. शनिवार-रविवारी त्र्यंबकला किंवा वणीच्या गडावर जाणाऱ्यांनी, आणि खासकरून बीआरएमच्या, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पुऱ्या करायच्या २००-३०० किलोमीटरच्या फेऱ्या करणाऱ्यांनी हे पैसे खुशाल खर्चावेत. ३०० ची मुदत २० तासांची असते. त्यात रात्रीचा मोठा पल्ला येतोच, आणि तितका वेळ रबरी मोज्यात हात घामाने भिजून उलट गार पडतात. रोजच्या पाच-सात किलोमीटरसाठी मात्र मी हे घ्या म्हणणार नाही. अर्ध्या बोटांचे सायकलिंग मोजे आधीच असतील, तर ते उन्हाळ्यासाठी ठेवा.

आता घरातल्या जुन्या विणलेल्या मोज्यांविषयी. ते आत घालायचे आणि वरून भांडी घासायचे मोठ्या मापाचे रबरी मोजे चढवायचे. खर्च सत्तर-ऐंशी रुपये. वारा आणि दव दोन्ही अडतात. आतला घाम बाहेर पडत नाही, म्हणून अर्ध्या तासापुरतीच ही युक्ती चालते. पोचल्यावर आतले मोजे उलटे करून वाळत घाला, नाहीतर संध्याकाळी तेच गारढोण होऊन बसतात.

एक पर्याय अजून आहे, तो फार कुणी विचारात घेत नाही. पहाटे मोटरसायकलवर कॅन लावून निघणाऱ्या दूधवाल्यांच्या हँडलला रेक्झिनच्या पिशव्या पाहिल्या असतील. आत फर, दोनशे-अडीचशे रुपयांना जोडी. त्या सरळ हँडलच्या सायकलवरही बसतात. ऊब एवढी, की आत साधे सुती मोजे घातले तरी भागतं. पण बांधल्यावर आधी मोकळ्या रस्त्यावर सराव करा. हात पटकन बाहेर काढून इशारा देता आला पाहिजे, पिशवीचं कापड लिव्हरमध्ये अडकता कामा नये, आणि घंटीपर्यंत अंगठा पोचला पाहिजे. वाकड्या हँडलच्या रेसिंग सायकलला त्यांचा उपयोग नाही.

कुठलेही मोजे घ्या, माप सैलसर हवं. घट्ट मोज्यात बोटांचं रक्त दाबलं जातं आणि अस्तरात हवा राहत नाही, मग जाड मोजेही गार लागतात. दुकानातच मूठ वळून बघा, खिशातून किल्ली काढून बघा. मनगट उघडं राहू देऊ नका. तिथे रक्तवाहिन्या कातडीच्या अगदी जवळून जातात. जुन्या पायमोज्याचा वरचा भाग कापून मनगटात चढवला की बाही आणि मोज्यातली फट बुजते, तेही फुकटात.

मोज्यांनी न सुटणाऱ्या दोन तक्रारीही ओळखता यायला हव्यात. फक्त करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होत असेल, तर ते बहुधा थंडीमुळे नाही. तळव्यावर भार पडून नस दबते. हँडलची उंची आणि सीट तपासा. आणि थोड्याशा गारठ्यातही बोटं पांढरीफटक पडून नंतर निळी-लाल होत असतील, तर डॉक्टरांना दाखवा. मोज्यांचे ब्रँड बदलत बसू नका.

डोकं आणि कान

शरीराची निम्मी उष्णता डोक्यातून जाते, असं घरोघरी सांगतात. ते खरं नाही. डोक्याचा वाटा त्याच्या आकाराइतकाच, म्हणजे दहा टक्क्यांच्या आसपास असतो. पण कानांना ना फारशी चरबी ना स्नायू, आणि कपाळावर थेट वारा बसला की काहींचं डोकं ठणकतं. म्हणून झाकायचे ते मुख्यतः कान आणि कपाळ.

इथे सगळ्या निवडीवर हेल्मेटचा अंकुश आहे. हेल्मेट डोक्याला चपखल आणि आडवं सपाट बसलं तरच वाचवतं, भुवईच्या वर दोन बोटं, त्याहून मागे नाही. जाड टोपी घातली की ते वर उचललं जातं आणि डुगडुगतं. आपटण्याच्या क्षणी ते सरकलं तर घातलं काय नि न घातलं काय. म्हणून आजीने विणलेली गोंड्याची कानटोपी कितीही लाडकी असली तरी हेल्मेटखाली नको. जाड लोकरी माकडटोपीचंही तेच. तिच्यात आणखी एक दोष आहे. तोंडासमोरची लोकर श्वासाने ओली होते आणि चष्मा असेल तर दर सिग्नलला धुकं जमतं. हेल्मेट न घालता दोन गल्ल्यांपलीकडच्या डेअरीपर्यंत जाणाऱ्या आजोबांसाठी माकडटोपीच योग्य, तिला तोड नाही.

मफलर मी सायकलवर पूर्ण बाद केला आहे. सुटलेलं टोक कधी चाकाकडे जाईल सांगता येत नाही. बांधायचाच असेल तर दोन्ही टोकं जर्किनच्या आत आणि चेन वरपर्यंत.

उरतात तीन गोष्टी. पहिली बफ, म्हणजे नळीसारखं शिवलेलं ताणलं जाणारं कापड. ६० ते १५० रुपयांत कुठेही मिळतं. गळ्यात घाला, कानांवर ओढा, दुमडून पट्टी करा, ऊन आल्यावर मनगटाला गुंडाळा. कापड पातळ असल्याने हेल्मेटला बाधा नाही. पण एकेरी बफमधून वारा आरपार जातो, म्हणून कानांवर दुहेरी दुमड हवी. दुसरी फ्लीसची कानपट्टी. ही १००-२०० ला मिळते आणि कान-कपाळ एवढंच झाकते, डोक्याचा वरचा भाग मोकळा ठेवते. चढावर घाम येणाऱ्यांना हीच सोसते. तिसरी स्कल कॅप, कान झाकणारी पातळ, ताणणारी टोपी, २०० ते ४००. टक्कल असलेल्यांनी आणि केस बारीक ठेवणाऱ्यांनी थेट हिच्याकडे वळावं, कारण हेल्मेटच्या झरोक्यांतून येणारा वारा त्यांनाच जास्त झोंबतो. शिवण मधोमध जाड असेल तर घेऊ नका, तासाभरात हेल्मेटखाली ती रुतू लागते.

माझ्या अनुभवात बफ आणि कानपट्टी या जोडीने स्कल कॅपचं काम होतं आणि गरजेप्रमाणे एकेक काढता येतं. झरोक्यांचा वारा फारच त्रास देत असेल, तर हेल्मेटच्या पुढच्या दोन-तीन फटींवर बाहेरून सेलोटेप लावा. घाम येऊ लागला की ओढून काढा. मोठा रुमाल बांधूनही काम होतं, पण सुती कापड घाम धरून ठेवतं आणि उतारावर ओल्या पट्टीसारखं गार पडतं. वीस मिनिटांपलीकडे नको.

कान झाकताना ऐकू येणं बंद होऊ देऊ नका. मागून येणाऱ्या टेम्पोचा आवाज आला पाहिजे. टोपी घालून घरातल्या कुणाला मागून साध्या आवाजात हाक मारायला सांगा. ऐकू आली नाही तर ती टोपी सायकलवर नको.

कुणी काय घ्यावं

शाळा-कॉलेजला किंवा कामाला रोज अर्ध्या तासाच्या आत पोचत असाल, तर कोल्ड स्टोरेजचे मोजे आणि बफ. तीनशेच्या आत दोन्ही होतात. पहाटे पेपर-दूध टाकणाऱ्यांना वारंवार थांबून नोटा मोजाव्या लागतात, त्यांना हँडलच्या पिशव्या आणि आत पातळ सुती मोजे बरे. प्रत्येक घरी मोजे काढा-घाला करावं लागत नाही. घाटात जाणाऱ्यांनी सायकलिंगचे मोजे, कानपट्टी आणि खिशात सुटा बफ न्यावा. एका जानेवारीत मी सप्तशृंगी गडावरून नांदुरीकडे विणलेल्या मोज्यांनी उतरलो. चढताना घामाघूम झालो होतो, मोजे दमट होते. निम्म्या उतारावर बोटांनी ब्रेक दाबायचंच सोडलं आणि पाय घासत थांबावं लागलं. हात काखेत धरून उभा राहिलो, दहा मिनिटांनी बोटांत मुंग्या येऊ लागल्या. त्या दिवसापासून घाटात उतरण्याआधी मी वर थांबून कोरडे मोजे चढवतो.

जर्मनी-कॅनडात शिकायला गेलेली आपली मुलं हे वाचत असतील, तर शून्याखाली यातलं काही पुरणार नाही. तिथे बोटं एकत्र ठेवणारे किंवा दोन-दोन बोटांची जोडी करणारे मोजे लागतात. शेजारची बोटं एकमेकांना ऊब देतात.

आणि दोन जोड्या परवडत असतील तर एका महागड्या जोडीऐवजी स्वस्तातल्या दोनच घ्या. जानेवारीत आदल्या दिवशीचे मोजे सकाळपर्यंत वाळतातच असं नाही.